खाली मोकळं?

स्टोव्हमध्ये अजून एक ओंडका सरकवते, म्हणजे मधे उठावं लागणार नाही. मधे उठले की ही गोष्ट पुन्हा सुरू करायचा मला धीर होत नाही.

गिप्सलँडच्या या डोंगरांत माझं आयुष्य झाडांवर गेलं. वादळाने मोडलेली, घरावर झुकलेली, आतून पोखरलेली झाडं वर चढून छाटायची, आणि वाचण्यातली नसतील तर शेंड्यापासून तुकड्यातुकड्याने खाली उतरवायची, हा माझा धंदा. लोक विचारतात, “रोंडा, जीव टांगणीला लागत नाही का गं?” लागतो ना. पण तो चांगल्या दोराला टांगलेला असतो, आणि गाठ मी स्वतः मारलेली असते. मला भीती दोराची कधी वाटली नाही. खालच्या माणसाची वाटायची.

कारण आमच्यात झाडावर एकट्याने जात नाहीत. खाली कोणीतरी हवंच, आणि तेही नुसतं मान वर करून बघणारं नको. वर मला काही झालं तर चढून येऊन मला खाली आणणारं हवं. त्याच्यासाठी दुसरा दोर आधीच वरच्या बेचक्यातून टाकून ठेवायचा: एक टोक बुंध्याला बांधायचं, दुसरं मोकळं लोंबू द्यायचं. त्याला आम्ही बचावाचा दोर म्हणतो. तो वापरायची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती. रोज लावायचा, रोज काढायचा.

आणि फांदीला करवत टेकवण्याआधी वरच्याने विचारायचं, “खाली मोकळं?” खालून “मोकळं” असं आल्याशिवाय हात हलवायचा नाही.

माझ्या खाली बरीच वर्षं क्लॅरी असायचा. माझा नवरा. बोलायला कंजूष माणूस. घरी तीन प्रश्न विचारावेत तेव्हा एकदा हुंकार द्यायचा, पण झाडाखाली त्याने माझा प्रश्न एकदाही हवेत सोडला नाही. “मोकळं.” बास, एवढंच. दाट पानांतून तो आवाज आला की मला दोरापेक्षा त्याचा आधार वाटायचा. क्लॅरी छातीच्या दुखण्याने गेला, अंथरुणात. त्यानंतर घरात मी प्रश्न विचारायचंच सोडून दिलं. भिंतींना काय विचारायचं?

आता माझ्याबरोबर तेविता असतो. तो टोंगा बेटांवरचा, दारात वाकून यावं लागेल एवढा उंच, चर्चमध्ये गाणारा आणि तोंडाचा पट्टा कधी बंद न करणारा. मला आंटी म्हणतो. त्यांच्याकडे वयाने मोठ्या बाईला नावाने हाक मारणं म्हणजे उद्धटपणा. मी पहिल्याच दिवशी त्याला सांगितलं, “मी तुझी कोणी आंटी-बिंटी नाही.” तो म्हणाला, “बरं, आंटी.” तेव्हापासून त्याचं प्रत्येक उत्तर तसंच येतं: “मोकळं आहे, आंटी!” डोंगर दणाणून सोडतो.

तर, जुलैतल्या, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यातल्या त्या दिवशी आम्ही नेटी बॅलँटाइनकडे गेलो. वरच्या रस्त्याच्या अगदी टोकाला तिचं घर, त्यापुढे नुसतं जंगल. नेटी ऐंशीच्या पुढची, एकटी राहणारी, दोन्ही कानांत ऐकू यायची यंत्रं. घरामागे निलगिरीचं एक जुनं थोरलं झाड. तशी झाडं आता आमच्या भागात फार उरली नाहीत. त्याच्या दोन-तीन फांद्या थेट छपरावर आल्या होत्या. त्यांतली सगळ्यात मोठी फांदी बुडापाशी तडकली होती, आणि दुसऱ्या रात्री जोराचा वारा येणार असं रेडिओवर सांगत होते. नेटीची झोपायची खोली बरोबर त्या फांदीखाली.

“निदान उद्याची रात्र तरी बहिणीकडे जा,” मी तिला म्हणाले.

“माझी बहीण रात्रभर घोरते,” नेटी म्हणाली. “त्यापेक्षा फांदी बरी. ती एकदाच आवाज करेल.”

तिने खजूर घातलेले स्कोन, छोटे गोड पाव, भाजले होते. तेविताने सहा खाल्ले. मी झाडाकडे बघत चहा प्यायले. आजूबाजूचं जंगल नवं होतं, कधीतरी सगळं तोडून पुन्हा उगवलेलं. हे एकच तेवढं जुनं.

“हे कसं राहिलं गं?” मी विचारलं.

“माझ्या सासऱ्याने राखलं. बाकीचं सगळं तोडलं, याला हात लावू दिला नाही. का, ते काही सांगितलं नाही. नुसता म्हणायचा, त्यावर काम अर्धवट राहिलंय, राहू दे.” नेटीने बशी पुढे केली. “घे ना, या राक्षसाने संपवायच्या आत घे.”

तेविता हसला. मी नेटीला समोरच्या खोलीत शेगडीपाशी बसायला सांगितलं आणि आम्ही मागे गेलो.

दोर लावले. बुंध्यापाशी ताडपत्री पसरून तेविताने त्यावर आपला चढायचा हार्नेस मांडून ठेवला, बचावाच्या दोराचं टोक त्याच्या शेजारी. फांद्या अलगद उतरवायचा जाड दोर वर कप्पीतून घेतला, आणि खाली बुंध्याला पट्ट्याने बांधलेल्या लोखंडी ढोलावर त्याचे वेढे दिले. फांदी कापली की तिचं वजन त्या ढोलावर येतं, आणि खालचा माणूस दोर हळूहळू सोडत ती जमिनीवर टेकवतो. तेविताचा हात त्यात फार चांगला. गाणं गुणगुणत सोडतो.

मी चढले. खालच्या बारक्या फांद्या झटपट निघाल्या. हेल्मेटमधल्या रेडिओवर तेविता बडबडत होता. त्याच्या बायकोने नवा फ्रीज घ्यायचा हट्ट धरला होता, आणि जुना फ्रीज कसा अजून चांगला आहे हे तो मला पटवत होता.

“दार लागतं का त्याचं?” मी विचारलं.

“लागतं, आंटी. खुर्ची लावली की लागतं.”

मग धुकं आलं. दरीतून वर चढत आलं आणि बघता बघता खालचं अंगण गेलं, नेटीचं छप्पर गेलं, तेविताचं केशरी हेल्मेट गेलं. मला माझे बूट दिसत होते, एवढंच. ओल्या सालीचा वास दाटून आला. त्यात रेडिओ खरखरायला लागला आणि बंद पडला. ओल धरली की तो असा दगा देतो. काही बिघडलं नाही. रेडिओ नव्हते तेव्हाही आम्ही काम करतच होतो.

“रेडिओ गेला!” मी ओरडले. “आता तोंडाने!”

“चालेल, आंटी!” खालून आलं.

त्यानंतर खालून “मोकळं आहे, आंटी!” आल्यावर मी एक मधला जाड खुंट तुकड्यातुकड्याने कापायला घेतला. सुकलेला, चिवट. चेनसॉ बराच वेळ चालू होता आणि कानांवर आवाज अडवणारे गच्च मफ होते. मी हे मुद्दाम सांगते आहे, कारण तेवढ्या वेळात खाली काय झालं ते मला कळणं शक्यच नव्हतं.

मशीन बंद करून मी वर सरकले. आता छपरावरच्या फांद्यांपैकी पहिली घ्यायची होती. तिला उतरवायचा दोर बांधला, स्वतःला दोन ठिकाणी अडकवलं, आणि विचारलं,

“खाली मोकळं?”

उत्तर यायला वेळ लागला.

“मोकळं.”

मी करवत लावली. फांदी कडाडली, सुटली, दोराला झटका बसला, आणि ती धुक्यात उतरत गेली. काय सुरेख उतरवली म्हणून सांगू! ना धक्का, ना हेलकावा. झोपलेलं मूल खाली ठेवावं तशी. क्लॅरी गेल्यापासून असा हात मी बघितला नव्हता.

“शाब्बास रे!” मी ओरडले. “आणि आज आंटी नाही म्हणालास? शिकलास वाटतं!”

खालून काही आलं नाही.

खरं सांगते, मला बरं वाटलं होतं. ते एकशब्दी, संथ “मोकळं” ऐकून छातीत काहीतरी सैल झालं. धुक्यात डोळे मिटले तर खाली क्लॅरी उभा आहे असंच वाटलं असतं. मी एक क्षणभर मिटलेही.

मग त्या मोठ्या तडकलेल्या फांदीकडे जायला मी खोडाला वळसा घातला, आणि तिथे मला तो पट्टा दिसला. जुना, चामड्याचा, चार बोटं रुंद. पूर्वी चढणारे असा पट्टा खोडाभोवती आणि स्वतःच्या कमरेभोवती घालून चढायचे. झाड त्याच्याभोवती वाढलं होतं, सालीने तो जवळजवळ गिळला होता. फक्त कमरेकडचा भाग बाहेर होता, पितळी बकल हिरवं पडलेलं.

बकल लावलेलं होतं.

मी ते बोटाने चाचपलं. माणूस झाडावरून उतरताना पट्टा सोडतो किंवा बरोबर घेऊन उतरतो. वर ठेवायचाच झाला तर बकल उघडावं लागतं, नाहीतर तो कमरेतून निघणार कसा? मी बराच वेळ त्या बकलाकडे बघत राहिले. काम अर्धवट राहिलंय, असं नेटीचा सासरा म्हणायचा.

“तेविता!” मी हाक मारली. “इथे वर काय आहे ते तुला खरं वाटणार नाही!”

उत्तर नाही. एरवी त्याने तीन विनोद केले असते.

तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि धुकं फाटलं. थोडा वेळच. खालचं अंगण दिसलं. ताडपत्री दिसली, भुगा करायचं यंत्र दिसलं, उतरवलेली फांदी दिसली. आमचा पिकअप नव्हता. तो उभा होता तिथे कोरडा चौकोन तेवढा होता. बुंध्यापाशी, ताडपत्रीपाशी, फांदीपाशी कुठेही कोणी नव्हतं. तेविता काही झुडपामागे लपण्यातला माणूस नव्हे.

खालचा माणूस गेला तर काम तिथेच थांबतं. आणि मी तर आत्ता फांदी कापली होती. फांदीचं वजन माझ्या दुप्पट असेल. ती कोणीतरी धरली होती, सोडली होती, टेकवली होती.

मी स्वतःला समजावलं. आमच्या या रानात लायरबर्ड असतात, शेपटीवाले, वाट्टेल त्याची नक्कल करणारे. माझ्या चेनसॉची नक्कल करताना मी त्यांना ऐकलंय. माणसाचा एखादा शब्दही उचलत असतील. पण पक्षी दोर सोडत नाही.

अंगण अजून दिसत होतं. मी खाली बघत, पापणीही न लववता, हळू आवाजात विचारलं,

“खाली... मोकळं?”

“मोकळं.”

आवाज बुंध्यापासून आला. बरोबर तिथून, जिथे मी बघत होते. तिथे ओली पानं होती आणि ताडपत्रीचा कोपरा होता.

धुकं पुन्हा मिटलं.

आता मला एवढंच कळत होतं की खाली जायला हवं. पण जायचं कोणाकडे? वर राहावं तर हा पट्टा, खाली जावं तर ते उत्तर. मनात आता फांदी नव्हती, नेटी नव्हती, वारा नव्हता. मला फक्त जिवंतपणी जमिनीवर पाय टेकायचे होते. मी चेनसॉ कमरेला अडकवला. कडी लावताना दोनदा चुकले. क्लॅरी असता तर म्हणाला असता, सावकाश गं... आणि तेवढ्यात माझ्या खांद्याशेजारी काहीतरी कुरकुरलं.

बचावाचा दोर.

मोकळा लोंबणारा तो दोर ताठ झाला होता. बेचक्यातल्या सालीवर तो घासला जात होता. कुर्र... थांबला. कुर्र... थांबला. आमच्या धंद्यात तो आवाज ओळखायला कोणाची मदत लागत नाही. दोरावर कोणीतरी चढत होतं. घाई नव्हती. जुन्या सरावाच्या माणसासारखं, श्वास राखून, एकेक पकड घेत.

“कोण आहे?” मी विचारलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

कुर्र.

“मला काही झालेलं नाही... मी ठीक आहे. वर यायची गरज नाही...”

कुर्र.

मी माझ्या दोरावर बसले आणि खाली सुटले. नियम सांगतो की खोडाला धडकणार नाही अशा बेताने, हळू उतरावं. मी नियम सोडला. हातमोज्यांतून दोराचा चटका जाणवत होता. तो दुसरा दोर माझ्यापासून हातभर अंतरावर होता, माझ्या सोबतीने खाली जात होता, ताठ, थरथरता. त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी मी बघत होते. चढणारा माणूस दोराला लटकलेला असतो, तेव्हा त्याच्या वरचा दोर ताठ असतो आणि त्याच्या पायाखालचा ढिला. हे आम्ही शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी दाखवतो.

उतरता उतरता एका जागी तंबाखूचा वास आला. ओल्या लोकरीचाही. गालाला ऊब लागली, कोणी अगदी जवळून श्वास सोडावा तशी. मी थांबले. का थांबले ते विचारू नका. हात लांब करून मी तो दोर धरला. माझ्या मुठीच्या वर तो लोखंडासारखा ताठ होता. मुठीच्या खाली तो सैल लोंबत होता.

मधे काही नव्हतं.

ते माझ्याजवळून वर गेलं. कुर्र... कुर्र... आवाज वर, धुक्यात जात राहिला. मी जमिनीवर कशी आले ते मला सांगता येणार नाही. गुडघ्यांवर पडले, आणि पानांत तोंड खुपसून रडले, एवढं आठवतं.

डोळे पुसून बघितलं तर फांदी छान आडवी ठेवलेली. उतरवायचा दोर आमच्या लोखंडी ढोलावर नव्हताच. कोणीतरी तो ढोलावरून काढून सरळ झाडाच्या बुंध्याला वेढे दिले होते. असे ढोल बाजारात यायच्या आधी तसं करत. माझा बापही याच धंद्यातला, त्याच्या हाताखालचे म्हातारे सांगायचे, मी स्वतः कधी केलं नाही. दोराच्या ताज्या घासण्याने बुंध्याची साल सोलवटून ओली, गुलाबी दिसत होती.

तेवढ्यात पिकअपचे दिवे धुक्यातून वर आले. तेविता चिखलाने माखलेला उतरला.

“सगळी पोरं सुखरूप, आंटी!” तो ओरडला. “शाळेची बस खड्ड्यातून काढली. एकाचा दात पडला, पण तो म्हणतो तसाही हलत होता.”

मी त्याची कॉलर धरली. “मला वर सोडून गेलास? मला? मी वर असताना?”

तो हबकला. “आंटी... तूच तर म्हणालीस.”

“मी काय म्हणाले?”

“ती बस वळणावर घसरली म्हणून ड्रायव्हर धावत आला. आपल्या पिकअपला अडकलेली गाडी ओढून काढायची वायर-विंच आहे ना. मी खालून ओरडून तुला सगळं सांगितलं. म्हटलं, खाली ये, मगच मी जातो. तू म्हणालीस, जा. मी इथे आहे. बसून राहते.” त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. “तुझाच आवाज होता. चेनसॉही बंद झाला होता. मी दोनदा विचारलं, आंटी, देवाशपथ.”

“चेनसॉ बंद झाला नव्हता, तेविता.”

त्याने बुंध्यावरचे वेढे बघितले, गळ्यातला क्रूस मुठीत धरला. मग माणूस घाबरला की करतो ते त्याने केलं. रोजचं काम करायला लागला. ताडपत्री गुंडाळली. माझा दोर ओढून घेतला. मग बचावाच्या दोराची बुंध्यावरची गाठ सोडायला वाकला.

“सुटत नाही,” तो पुटपुटला. “दोर ताठ का आहे?”

आमच्यात एक रीत आहे. वरून दोर काढण्याआधी खालच्याने मान वर करून विचारायचं. वरचा माणूस शेजारी उभा राहून चहा पीत असला तरी विचारायचं, कारण गाठ सोडली आणि दोरावर कोणी असलं तर ते गेलंच. त्यावरून आम्ही एकमेकांची टिंगल करतो. मी शेजारी उभी असताना तेविता रोज घसा ताणून विचारतो आणि मी म्हणते, हो, वर माझी सासू आहे.

सवयीने त्याने मान वर केली. मी त्याचं तोंड दाबायला हात उचलला, पण उशीर झाला होता.

“वर कोणी आहे?”

मी त्याच्या शेजारी उभी होते. माझा खांदा त्याच्या दंडाला लागलेला होता. माझे ओठ मिटलेले होते, ते त्याने बघितले.

“आहे रे,” वरून धुक्यातून माझा आवाज आला. दमलेला, समजूत घातल्यासारखा. “थांब जरा. एकदम सोडू नकोस.”

तेविताने गाठ हातातून टाकली.

दोर तिथेच राहिला. नेटीला आम्ही काय सांगणार? फांदी तडकलेली, वारा येणार. मी तिचा हात धरून विनवलं, आमच्याबरोबर चल म्हटलं. ती हलली नाही. शेवटी पुढच्या खोलीत कोचावर झोपायचं तिने कबूल केलं, तेही मी रडेन असं वाटलं म्हणून. दुसऱ्या दिवशीही आम्ही गेलो नाही. तेविताने फोन घेतला नाही, मी केलाही नाही.

वारा आला. मी घरात पडून ऐकत होते. क्लॅरीची बाजू रिकामी, खिडक्या वाजताहेत. नेटीच्या छपरावर ती फांदी कोसळते आहे, असं मला दर झोताला वाटत होतं. कधी डोळा लागला कळलं नाही.

सकाळी फोनच्या आवाजाने जागी झाले. नेटी होती, आणि ती हसत होती.

“वेडी आहेस का गं? त्या वाऱ्यात यायचं? मी खिडकीतून ओरडत होते, पण तुम्हाला कुठलं ऐकू जातंय. काय सुंदर काम केलंस! फांदी शेडच्या कडेला आडवी, एक कौल हललं नाही. रात्रभर तुमचं चाललं होतं. तू वरून विचारायचीस, तो खालून म्हणायचा, मोकळं. तू विचारायचीस, तो म्हणायचा. तुझा तो नेहमीचा पोरगा नव्हता वाटतं? हा जरा कमी बोलणारा. मी कानातली यंत्रं काढून ठेवली होती, तरी सगळं ऐकू येत होतं, म्हणजे बघ.”

मी ऐकत होते. माझी रात्र गेली होती या घरात, जिथे मी विचारलेल्या प्रश्नाला कोणी उत्तर देत नाही. आणि तिथे माझ्या आवाजाला रात्रभर उत्तर मिळत होतं. सांगायला लाज वाटते, पण भीतीच्या आधी मला हेवा वाटला.

“पण पहाटे तो तुला खाली बोलवत होता,” नेटी म्हणाली, “तेव्हा का नाही उतरलीस? म्हणालीस, आता इथेच बरं आहे. मला काळजी वाटली गं. उतरलीस ना नंतर? रोंडा?”

मी तोंड उघडलं.

“हॅलो? रोंडा? आहेस ना तिथे?”

आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण घशातून नुसती हवा आली. रात्रभर ओरडल्यावर बसतो तसा माझा आवाज पार बसला होता.